आरसा धरून म्हणायचा शब्द

फोन उचलला तर पलीकडून काहीच आवाज आला नाही, म्हणून मला वाटलं वसुधाच आहे. गेलं वर्षभर तिचे फोन असेच यायचे. आधी शांतता, मग रिसीव्हरवर नखाची टकटक. म्हणजे, मी आहे, तू बोल. मग मी ऑफिसातल्या कुरबुरी, नव्या मॅनेजरचा आगाऊपणा, इंडियन ग्रोसरीत मेथी मिळाली की नाही, असं काहीबाही सांगत सुटायचे आणि ती मधून मधून टकटक करून हुंकार द्यायची. त्या दिवशीही मी ऑफिसच्या कॉरिडॉरमधल्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "बोल गं... म्हणजे वाजव." टकटक आली नाही. बाहेर मार्चमधला अर्धवट वितळलेला, काळपट बर्फ होता. बऱ्याच वेळाने मिलिंदचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "प्रज्ञा, गेली गं ती सकाळी." मी म्हणाले, "हो का." असं कोणी म्हणतं का? पण तेच तोंडातून निघालं. आता दीड-दोन महिने होत आले. बातमीपेक्षा मला अजूनही तिच्या आधीची ती शांतताच जास्त आठवते, कारण ती हुबेहूब वसुधाची होती.

मी नागपूरची, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे लोकांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. या कामाने माणसाला एक खोड लागते. एकदा दिसलं तर तो भास, पुन्हा करून पाहिल्यावर पुन्हा दिसलं तर संशय, आणि तिसऱ्यांदाही दिसलं तर ती चूक. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही असं धरून चालायचं. वसुधा मला भेटली ती २००२ साली, ओहायोतल्या डब्लिनला आले त्याच वर्षी, मराठी मंडळाच्या गणपतीत. तिथे ओळख करून द्यायची म्हणजे गाव आणि कंपनी सांगायची. ही म्हणाली, "मी वसुधा. मी आवाज मोजते." मी म्हटलं, "म्हणजे साउंड सिस्टिम का?" तर इतकी हसली की हातातला मोदक खाली पडला. कोलंबसच्या युनिव्हर्सिटीत ती भाषांच्या ध्वनींवर संशोधन करायची. तिची भाषा होती अॅमेझॉनच्या जंगलातली, कोलंबियाच्या एका काळ्या पाण्याच्या नदीकाठी चार-दोन गावांत बोलली जाणारी, तुकानो नावाच्या भाषाकुळातली. हे ऐकून मंडळातल्या काकू एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तर विचारलंच, "पण त्याचा उपयोग काय गं?"

त्या भाषेचं वेड तिला लागलं त्याला कारण तिचे बाबा. ते गुहागरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. कोकणातली जुनी माणसं बोलतात तसं नाकात बोलायचे, आणि शुद्धलेखनाचे नियम बदलले तरी पत्रात 'मीं', 'तूं', 'गेलों' असे टिंब देऊनच लिहायचे. पुण्याला कॉलेजात गेल्यावर वसुधाची या नाकातल्या बोलण्यावरून फार थट्टा झाली. तिने ते प्रयत्नपूर्वक घालवलं, पण कान तोच राहिला. तिच्या त्या जंगलातल्या भाषेत नाकाला मोठा मान. आपल्याकडे अनुस्वार एखाद्या अक्षरावर बसतो. तिथे तो अख्ख्या शब्दावर पांघरूण घालतो. शब्द एकतर सगळाच्या सगळा नाकातून, नाहीतर अजिबात नाही. शिवाय एक 'उ' असा की ओठांचा चंबू न करता, हसल्यासारखे ताणून म्हणायचा. तो लिहिताना इंग्रजी यूच्या पोटातून आडवी रेघ काढतात. माझ्या कॉम्प्युटरवर त्या अक्षराच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसायचे. मी वसुधाला म्हणायचे, "तुझी भाषा चौकोनी आहे." ती म्हणायची, "तुझा फॉन्ट अडाणी आहे यार."

नाकातला शब्द ओळखायची तिची युक्ती मात्र कुठल्याही मशीनची नव्हती. आईच्या फणेरपेटीतला पितळी काठाचा छोटा गोल आरसा तिने इथे आणला होता. नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये तो आडवा धरायचा आणि शब्द म्हणायचा. नाकातून हवा आली तर आरशावर धुकं, नाही तर आरसा लख्ख. शब्द संपला की झटकन बाजूला घ्यायचा, नाहीतर साधा श्वासही त्यावर उमटतो. जंगलातल्या दमट हवेत आरसा दगा द्यायचा, पण ओहायोच्या थंडीत झकास चालायचा. तिच्या बेसमेंटच्या खिडकीत तो कायम गार होत पडलेला असे. मला पहिल्यांदा बघून कसंतरीच झालं होतं. आमच्या आजोबांच्या नाकाशी डॉक्टर यायच्या आधी शेजारच्या काकांनी असाच आरसा धरला होता... मी तसं वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "हो ना. फरक एवढाच, इथे धुकं आलं नाही तर आनंद व्हायचा."

२००३च्या शरद ऋतूत युनिव्हर्सिटीने त्या नदीकाठच्या गावातले एक शिक्षक बोलावले. एमिलियो सर. बुटके, गोल चेहऱ्याचे, अंगात दोन कोट. पाच-सहा भाषा बोलायचे आणि स्पॅनिशमधून वसुधाशी अखंड वाद घालायचे. त्यांच्या शाळेसाठी शब्दांची सीडी आणि वाचनाचं पुस्तक करायचं होतं, आणि नाकातला शब्द दाखवायची खूण प्रत्येक स्वरावर द्यायची की शब्दाला एकदाच, यावर गावात म्हणे दोन तट पडले होते. नवरात्रात मी त्यांना साबुदाण्याची खिचडी खायला घातली. त्यांनी एक दाणा बोटांत चिरडला, हुंगला आणि आनंदाने ओरडलेच. तो त्यांच्याच शेतातला कंद होता, त्यांच्या रोजच्या भाकरीचा! मग सर खुशीत आले आणि त्यांनी वसुधाला विचारलं, "तुझा नवरा कुठली भाषा बोलतो?" वसुधा म्हणाली, "मराठी." "आणि तू?" "मीही मराठी." सरांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्याकडे एका भाषेची माणसं म्हणजे भाऊ-बहीण. बायको दुसऱ्या भाषेतलीच करायची. मी म्हटलं, "म्हणजे यांचं गोत्रच भाषा!" मिलिंद बिचारा भांडी विसळत होता. त्या दिवसापासून सर त्याला "वसुधाचा भाऊ" म्हणायचे, आणि तो प्रत्येक वेळी लाजायचा. वसुधा-मिलिंदची मुलगी सई तेव्हा चार वर्षांची. ती टेबलाखालून ओरडायची, "He is not her brother! He is my baba!"

आमच्या डब्लिनमध्ये एका मैदानात माणसाएवढी काँक्रीटची मक्याची कणसं ओळीने उभी केलेली आहेत. लोक मुलांना घेऊन फोटो काढायला जातात. एका रविवारी धुक्यात आम्ही सरांना तिथे नेलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी टोपी काढली आणि हळू आवाजात काही विचारलं. वसुधाने सांगितलं, "ते विचारतायत, इथे कोणाला पुरलंय." मी हसले. सर हसले नाहीत. परतताना ते मला म्हणाले, वसुधानेच ते मराठीत आणलं, "जी गोष्ट उभी राहून गप्प असते ती ऐकत असते." मी मनात म्हटलं, सरांना थंडी बाधली. ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं.

काम करायची त्यांची रीत ठरलेली होती. सर एक शब्द म्हणत. वसुधा श्वास घेऊन तो त्यांच्यामागून म्हणे. सरांनी "हं" केलं तरच तो शब्द पुढे जाई, नाहीतर पुन्हा. सगळं माइकवर टिपलं जाई. वर्षाआड सर यायचे, मधल्या उन्हाळ्यात ती जायची. २००५च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला सर दुसऱ्यांदा आले, तेव्हा एका शनिवारी दुपारी मी रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर लावून द्यायला वसुधाच्या बेसमेंटमध्ये बसले होते. शब्द होता 'विइ'. दोन इकारांच्या मध्ये घशात हलकी अडकण. अर्थ, घर. त्या भाषेतला हा एकच शब्द मला येतो. नाकाशी त्याचा काही संबंध नाही, स्वच्छ तोंडातला शब्द. सर म्हणाले. वसुधा म्हणाली. सरांनी "हं" केलं नाही. तिने पुन्हा म्हटला. सर तिच्या खांद्यामागे बघत राहिले, मग स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटले. वसुधा हसत मला म्हणाली, "ऐक. म्हणतायत, तुझ्यामागून आणखी कोणीतरी बोलतंय."

मी म्हटलं, "वय झालं बाई तुझं. बाबांचं कोकण वर यायला लागलं." तिलाही ते पटलं. बाबांचंही शेवटी तसंच झालं होतं. म्हातारपणी त्यांचं नाकातलं बोलणं इतकं वाढलं की परक्याला शब्द कळेना, आणि सगळं घर कौतुकाने म्हणायचं, मास्तर पुन्हा लहानपणात गेले. वसुधाने हात लांब करून खिडकीतला आरसा उचलला, धरला आणि म्हणाली, "विइ." आरशावर धुकं आलं. तिने ते ओढणीला पुसलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा धुकं. तिसऱ्यांदा तिने फार काळजीपूर्वक, एखाद्या परीक्षेत म्हणावा तसा म्हटला... धुकं. मग तिने आरसा माझ्या नाकाशी धरला. "म्हण." मी म्हटलं. आरसा लख्ख. वसुधा माझ्याकडे बघून म्हणाली, "तीनदा दिसलं. तुझ्या भाषेत काय म्हणतात त्याला?"

डॉक्टरांकडे पोचायच्या आधी तिला माहीत होतं की टाळूचा मागचा पडदा नीट मिटत नाहीये, म्हणून हवा नाकात जातेय. का मिटत नाही, ते कळायला तो हिवाळा गेला. मज्जातंतूंचा आजार. आधी बोलणं जाणार, मग गिळणं, मग श्वास. आनुवंशिक असतो का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, सहसा नाही. वसुधा त्या 'सहसा'मध्ये अडकली. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबांना कोकण नव्हतं झालं प्रज्ञा. त्यांना हेच झालं होतं." आणि मग ती सईबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला आणि मी गाडी बाजूला घेऊन रडले. ती रडली नाही. मलाच पाणी देत बसली.

त्यानंतर त्या घरात एक खेळ सुरू झाला. रोज शाळेतून आल्यावर सईने खिडकीतला आरसा आणायचा, नाकाशी धरायचा आणि 'विइ' म्हणायचं. आरसा लख्ख राहिला की आईकडून एक पापी. सईला तो खेळच वाटायचा. मी एक-दोनदा ते पाहिलं. सई म्हणायची, "Clear, Aai!" आणि वसुधा आरसा उजेडाकडे तिरका करून इतका वेळ निरखायची की मला बघवायचं नाही. मी एकदा रागावलेच. म्हटलं, "पोरीला काय रोज तपासतेस? असं काही आरशात दिसत नसतं." मला खरंच तसं वाटत होतं आणि आजही वाटतं. सात वर्षांच्या मुलीचा आरसा लख्ख राहिला म्हणून पुढच्या पन्नास वर्षांची हमी मिळत नाही. वसुधा तेव्हा जडपणे का होईना बोलायची. म्हणाली, "माहीत आहे गं. पण आजच्यापुरतं दिसतं ना."

सर परत गेले आणि सीडीचं काम माझ्याकडे आलं. वसुधाचं म्हणणं पक्कं होतं: तिचा आवाज त्यात नको. शेवटच्या वर्षातले तिचे शब्द बिघडलेले होते, आणि कुठला चांगला, कुठला बिघडलेला हे निवडत बसण्यात अर्थ नव्हता. "मुलं माझा आजार शिकतील," ती म्हणाली. सरांचा शब्द ठेवायचा, तिचा काढायचा, आणि तेवढी जागा रिकामी सोडायची; मुलं त्या जागेत शब्द म्हणतील. कितीतरी शनिवार-रविवार मी तिच्या शेजारी बसून ते केलं. आवाज कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोंगरासारखा दिसतो. सरांचा डोंगर, मग सपाट रेघ, मग वसुधाचा डोंगर. मी तिचा डोंगर कापायचे. सपाट राहिलेली रेघ म्हणजे शांतता, असं मी धरून चालले होते. काम संपल्यावर तिच्या सांगण्यावरून मूळ फाइलीही पुसल्या. त्या पुसताना मला वाटलं मी हिला हातांनी पुसतेय... पण तिने मान हलवली आणि मी बटण दाबलं. तोवर तिचं बोलणं गेलं होतं. तयार सीडी तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे मिटून ऐकली. मध्येच एका ठिकाणी तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. शेवटी अंगठा वर केला आणि सीडी सरांच्या शाळेकडे रवाना झाली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्या विभागातल्या एका सहकारी बाईंनी एमिलियो सरांना फोन लावला. सर पगार घ्यायला तालुक्याच्या गावी येतात, तेव्हाच ते सापडतात. बाईंनी बातमी सांगितली. सर म्हणाले, आम्हाला वाटलंच होतं. मग त्यांनी विचारलं, सीडीतली ती बाई तुम्ही मुद्दाम ठेवलीत का? बाईंना काही कळेना. सर म्हणाले, माझा शब्द झाला की तिचा श्वास ऐकू येतो. ती श्वास घेते आणि बोलत नाही. आमची मुलं तिच्याबरोबर श्वास घेतात आणि मग शब्द म्हणतात. विचारतात, ही बाई बोलत का नाही. मी सांगतो, ती ऐकतेय.

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. उरलेला दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मिलिंदकडे गेले, बेसमेंटमध्ये सीडी लावली, आवाज पूर्ण मोठा केला. सरांचा शब्द... आणि मग, अगदी हलका, नाकातून आत घेतलेला श्वास. बोलायला निघालेल्या माणसाचा. पुढे काहीच नाही. पुन्हा सरांचा शब्द, पुन्हा श्वास. सगळ्या सीडीभर. मी डोळ्यांनी कापत गेले होते आणि श्वासाचा डोंगर होत नाही. एवढी मोठी चूक माझ्या हातून निसटली, पण तिच्या कानातून निसटली असेल हे मी कधीच मानणार नाही. ज्या बाईला शब्दातली नखाएवढी हवा ऐकू यायची, तिने तो श्वास ऐकला होता. ऐकला, माझ्याकडे बघितलं आणि राहू दिला. आवाज नको म्हणाली होती. श्वासाबद्दल काही म्हणाली नव्हती.

मिलिंद उठून वर गेला. त्याला ते सोसलं नाही. घरच्या व्हिडिओंनाही त्याने अजून हात लावलेला नाही. सई मात्र जिन्यात बसून ऐकत होती. आता आठ वर्षांची आहे, आईसारखीच बारीक कुडीची. ती उतरून आली, खिडकीतला आरसा घेतला आणि माझ्यासमोर धरला. "मावशी, will you do it? Baba नाही करत." आई गेल्यापासून तो खेळ कोणी खेळलंच नव्हतं तिच्याशी. मी 'घर' शोधून लावलं आणि आरसा तिच्या नाकाशी धरला. सर म्हणाले, "विइ." मग वसुधाचा श्वास आला. सईनेही तसाच श्वास घेतला, कोणी न शिकवता, आणि त्या रिकाम्या जागेत स्वच्छ म्हणाली, "विइ." मी आरसा उजेडाकडे तिरका केला. वसुधा करायची तसाच, तेवढाच वेळ. लख्ख होता. मी तिची पापी घेतली.

मग सई म्हणाली, "Now Aai." आणि मी काही बोलायच्या आत तिने आरसा स्पीकरसमोर धरला. दुसऱ्या हाताने तिनेच शब्द पुन्हा लावला. सरांचा आवाज आला, मग श्वास आला, गेला. सईने आरसा माझ्याकडे वळवला. त्यावर धुकं होतं. मध्यभागी, रुपयाएवढं, कडेने विरत जाणारं. सईचं नाक तिथून वीतभरही लांब नव्हतं, बेसमेंट गार होतं, तिचाच श्वास लागला असणार. असणारच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "Again?"

माझं सगळं आयुष्य पुन्हा करून बघण्यात गेलं आहे. मी म्हटलं, "नको बाळा. राहू दे." आरसा न पुसता तिच्या हातातून घेतला आणि खिडकीत होता तिथे ठेवला.